अकरा बंदांची बाराबंदी

बावीस वर्षांत रत्नाने भोरमधल्या निम्म्या नवरीमुलींचे ब्लाऊज शिवले असतील, पण भुतांची मापं घ्यायची वेळ तिच्यावर पोटच्या पोरीनेच आणली.

प्रांजल पुण्याच्या कॉलेजात गेली आणि तिथून कॉस्प्लेचं खूळ घेऊन आली. म्हणजे हौशी मंडळींनी गोष्टीतल्या पात्रांसारखं नटून जमायचं, आणि ज्यांचं सोंग सरस त्यांना बक्षीस. प्रांजलच्या पाच जणांच्या गटाने गोष्टही स्वतःच रचली होती: दोनशे वर्षांपूर्वी वरंधा घाटात हरवलेले पाच वाटसरू रक्तपिशाच होऊन परत येतात. सुळे, रंग, खोटं रक्त सगळं पोरं बघणार होती. अंगात मात्र अस्सल जुनी बाराबंदी हवी, आणि ती शिवणार कोण, तर आई.

नमुना घरातच होता. रत्नाचे सासरे हैबती गुडघ्याच्या औषधासाठी वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यावरून खाली आले होते, आणि त्यांच्या गाठोड्यात त्यांची जुनी बाराबंदी होती. रत्नाने ती पसरून पाहिली. बटण नाही, काज नाही. दोन्ही बाजूंना सहा-सहा बंद, त्यांच्या सहा गाठी.

"ह्ये रक्तपिशाच म्हंजी काय गं?" हैबतींनी विचारलं.

"मेल्यालं माणूस, आबा. पर हिंडतंय. लोकांचं रगात पिऊन जगतंय."

म्हातारा हसला. "मंग आपली प्रांजल काय येगळी हाय? ती बी चार बाटल्या रगात पिऊनच जगलीया की."

आबांनी थट्टा केली, पण मशीनवरचा रत्नाचा पाय थबकला. प्रांजल सात वर्षांची असताना डेंग्यूने नऊ दिवस दवाखान्यात पडली होती. परक्या माणसांचं रक्त थेंबाथेंबाने तिच्या अंगात जात होतं आणि रत्ना बाटलीकडे बघत बसली होती. त्याच पोरीसाठी आता आपल्या हातांनी मेलेल्याचा पोशाख शिवायचा? रत्ना काही भित्री नव्हती, अमावास्येलाही खुशाल कात्री चालवायची. पण ही गोष्ट तिच्या घशाखाली उतरेना.

तरी तिने शिवायला घेतलं. मांजरपाट चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केला. शेफाली आणि गटातल्या बाकी तिघांच्या मिळून चार बाराबंद्या चार दिवसांत झाल्या. पाचवी, प्रांजलची, शनिवारपर्यंत रेंगाळली.

रविवारी सकाळी प्रांजलने ती घालून पाहिली. पाच गाठी झटपट बसल्या. सहाव्या गाठीला एकच बंद होता, त्याला जोडीदार नव्हता.

"आई, एक बंद राहिला."

"राह्यला न्हाई. ठेवलाय."

"म्हणजे?"

"तान्ह्या लेकराला तीट लावत्यात, ती काय शोभंला व्हय? मेल्याचं सोंग हाय. त्यात येवढी उणीव असू दे."

"आणि शेफालीची बाराबंदी पुरी केलीस ती? तिनं काय घोडं मारलंय तुझं?"

"तिच्या अंगात परक्याचं रगात न्हाई चढवावं लागलं," रत्ना म्हणाली.

प्रांजलचा पारा चढला. "अगं, परीक्षक तिथे एकेक टाका बघतात! बाराबंदीला अकरा बंद? पाच जणांची महिन्याभराची मेहनत पाण्यात जाईल!"

रत्नाने मशीनच्या खणातून बारावा बंद काढला. शिवून तयार होता. त्यात सुई-दोरा खोचून तिने तो पोरीच्या हातात दिला. "लावायचा तर तू लाव. माज्या हातनं व्हायचं न्हाई."

प्रांजलने बंद पिशवीत कोंबला. स्पर्धेसाठी नसरापूरला जाणाऱ्या एसटीची वेळ झाली होती. "जाते," म्हणाली आणि निघाली.

येते नाही, जाते. रागात का होईना, पण उंबऱ्यावर असं कुणी बोलतं? दिवसभर रत्नाची एक टीप सरळ आली नाही. एका ब्लाऊजची बाही उलटी लावली, ती उसवली, आणि पुन्हा उलटीच लावली. मोबाईल मांडीवर होता, पण आपण होऊन फोन करायचा धीर होईना.

चार वाजता तो वाजला. प्रांजलच्या तोंडात सुळे असावेत, बोलणं बोबडं येत होतं.

"बक्षीस हुकलं, आई. परीक्षकांनी बंद मोजले. म्हणाले, बारावा कुठाय?"

"लावला न्हाईस?"

"सुई हातात घेतली होती गं. नाही लावला. शेफाली चिडलीय."

"मंग त्यास्नी काय सांगितलंस?"

"म्हटलं, चार मेलेत. हे पाचवं पिशाच पुरतं मेलेलं नाही. त्याच्या आईनं मरू दिलं नाही." पलीकडे कुणीतरी हाक मारली. "ठेवते. सात वाजेपर्यंत येते गं."

फोन ठेवून रत्नाने पदराने तोंड पुसलं. हैबती ओट्यावरून बघत होते.

"काय म्हंती पोरगी? नंबर आला?"

"न्हाई," रत्ना म्हणाली. "येते म्हंती."