एकोणतीसचा पाढा

"गोळी?"

"घेतली."

"रात्रीची?"

"तीपण घेतली."

"झोप?"

"साडेदहा ते साडेपाच. मध्ये एकदाच उठलो, तेही पाणी प्यायला. आता पाण्यात जाऊ, का आधी दाखला आणू?"

"दाखला माझ्याकडे आहे," वहिनी म्हणाल्या आणि पिशवीतून डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी काढून त्यांनी खरोखरच लाइफगार्डच्या हातात दिली.

सकाळचे पावणेसात वाजले होते. तलाव लोकांसाठी आठला उघडायचा, त्यामुळे काठावर मोजून चार माणसं होती. नवी कोरी निळी चड्डी घालून उभे असलेले पंपमास्तर. त्यांची बायको, म्हणजे इथल्या सगळ्यांच्या वहिनी. शिट्टी कधी गळ्यातून उतरत नाही म्हणून जिचं नावच शिट्टी पडलं होतं ती लाइफगार्ड मुलगी. आणि खिडकीवर तिकिटं फाडणारे तिकीटराव. तिकीटरावांचं या वेळी इथे काडीचंही काम नव्हतं, पण काहीतरी घडणार आहे आणि ते तिथे नाहीत, असं आजवर कधी झालं नव्हतं.

मास्तर बावन्न वर्षांचे. सत्तावीस वर्षं याच तलावाचा पंप, फिल्टर आणि क्लोरीन सांभाळत आलेले. नुसत्या वासावरून ते क्लोरीन किती आहे ते सांगत, आणि मग तपासणीची नळी त्यांच्या शब्दाला दुजोरा देई. तलावाला सर्दी झाली तर पहिली शिंक मास्तरांना येईल, असं तिकीटराव म्हणायचे. आणि त्याच पाण्यात मास्तर सत्तावीस वर्षांत घोट्याच्या वर एकदाही गेले नव्हते.

कारण मास्तरांना फिट यायच्या.

पंधराव्या वर्षी शाळेच्या पोहण्याच्या शर्यतीत ते पहिले आले होते. त्यानंतर चार महिन्यांनी ते भूगोलाच्या तासाला बाकावरून खाली कोसळले. वडिलांनी त्याच संध्याकाळी फर्मान काढलं, पाण्याचं नाव नको. नदी बंद, विहीर बंद, तलाव बंद. शर्यतीचा पेला कपाटाच्या वर गेला तो गेलाच. पुढे नोकरी शोधताना तलावावर पंप बघायला माणूस हवा असल्याचं कळलं, तेव्हा मास्तर उड्या मारत गेले. पोहायला नाही तर नाही, निदान पाण्याच्या शेजारी तरी बसता येईल, एवढाच हिशेब.

लग्नाआधी त्यांनी स्वतःच वहिनींना सगळं सांगितलं होतं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "येते तेव्हा मी काय करायचं, तेवढं सांगा." मास्तरांना ते सांगता येईना. येते तेव्हा आपण तिथे नसतोच, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट जाणवलं.

मग वहिनीच दवाखान्यात जाऊन शिकून आल्या. कुशीवर वळवायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी घालायचं. धरून दाबून ठेवायचं नाही. तोंडात काहीही घालायचं नाही. घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर ॲम्ब्युलन्स. त्यांनी एक स्टॉपवॉच घेतलं आणि एक वही केली. वहीत रकाने पाडले: तारीख, वेळ, किती मिनिटं, काय करत होते, नंतर कसे होते.

घरच्या न्हाणीघराची कडी मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्क्रू सोडवून काढून टाकली. नुसतं दार लोटायचं, आणि आतून मोठ्याने पाढा म्हणायचा. पाढा थांबला की वहिनी आत. सुरुवातीला मास्तर दोनाचा पाढा म्हणत. वहिनींनी तो नामंजूर केला. "दोनाचा तुम्ही झोपेतसुद्धा म्हणाल. डोकं जागेवर आहे हे मला कळलं पाहिजे. एकोणतीसचा म्हणा." तेव्हापासून चोवीस वर्षं शेजारपाजारची घड्याळं या पाढ्यावर लागत होती. एकोणतीस सत्तेला मास्तर हमखास अडखळत, आणि स्वयंपाकघरातून आवाज येई, "दोनशे तीन!"

तिकीटरावांना ही विद्या उशिरा मिळाली. वीस वर्षांपूर्वी मास्तर पंपघराच्या दारात पडले, तेव्हा तिकीटरावांनी धावत जाऊन त्यांच्या दातांत स्टीलचा चमचा घुसवला होता. फिट दोन मिनिटांत गेली, पुढचा दात मात्र अर्धा झाला तो कायमचा. मास्तरांनी त्यांना कधी बोल लावला नाही. शुद्ध नीट आल्यावर समजावून सांगितलं फक्त.

"पंपघरातलं पॅनेल बघितलंय ना? त्यावरची सगळी बटणं एकदम चालू झाली तर काय होईल?"

"काय होईल?"

"सगळं एकदम धडधडेल आणि मग बंद पडेल. थोड्या वेळाने आपोआप परत सुरू होईल. माझ्या डोक्यात तेवढंच होतं. भूत नाही, बाधा नाही, लागणही नाही. आणि पॅनेलमध्ये चमचा कोण घालतं का, सांगा."

मास्तरांची आणखी एक अडचण होती, ती जगात दुसऱ्या कुणाला नसेल. फिट येण्याआधी त्यांना रबर जळाल्याचा वास यायचा. जुन्या पंपाचा पट्टा तापला की त्यालाही नेमका तोच वास. त्यामुळे वास आला की पट्टा बघायचा का जमिनीवर पडून राहायचं, हा पेच. शेवटी त्यांनी शिस्त लावून घेतली. आधी खाली बसायचं आणि मग ओरडायचं, "तिकीटराव, पट्टा बघा!" पट्टा जळत असेल तर पंप वाचायचा. नसेल तर तिकीटराव मास्तरांकडे वळायचे.

तो वास येऊन आता दोन वर्षं दोन महिने झाले होते. नवं औषध लागू पडलं होतं. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरे झालात असं मी म्हणत नाही. गोळी चालूच राहणार. पण झोप झाली असेल, गोळी चुकली नसेल आणि शेजारी पाण्यातून काढू शकणारं माणूस असेल, तर पोहा." मास्तर घरी येईपर्यंत सायकलवर हसत होते. लोक वळून बघत होते.

"काका, ऐका," शिट्टी आता म्हणाली. "उथळ बाजूला राहायचं. मी हातभर अंतरावर. पाण्यात काही झालंच तर तोंड वर धरून बाहेर काढणार आणि नंतर कितीही बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच. कबूल?"

"कबूल, कबूल, कबूल!"

"आणि तिकीटकाका, तुम्ही?"

तिकीटरावांनी दोन्ही हात वर करून दाखवले. "रिकामे आहेत. खिसेपण बघ हवं तर."

मास्तर शिडीने उतरले. गुडघे, मांड्या, पोट. पाणी छातीला लागलं तसा त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, तो हसण्याचा होता का रडण्याचा ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सत्तावीस वर्षं ज्याची उस्तवार केली, ते पाणी आज पहिल्यांदा अंगावर आलं होतं. त्यांनी दोन हात मारले. चार मारले. अंगाला सगळं आठवत होतं! सदतीस वर्षं कपाटावर धूळ खात पडलेलं काहीतरी कुणीतरी खाली काढून लख्ख पुसावं, तसं त्यांना झालं.

"अगं, येतंय मला!" ते ओरडले. "बघतेयस ना? येतंय!"

"बघतेय, बघतेय," वहिनी म्हणाल्या. स्टॉपवॉचवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

एवढ्यावर थांबले असते तर ते मास्तर कसले? फिल्टरमधलं पाणी भिंतीतल्या सहा तोंडांतून तलावात परत येई. त्यातलं सहावं तोंड तीन वर्षं नुसतं रडत होतं, धार म्हणून धरत नव्हतं. मास्तरांनी व्हॉल्व्ह बदलला, पाइप साफ केला, कमिटीला चार अर्ज दिले. उत्तर एकच, तलाव रिकामा करता येणार नाही. आणि आता ते सहावं तोंड त्यांच्यापासून तीन हातांवर होतं. मास्तरांनी कपाळावरचा पोहण्याचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कुणाला काही न सांगता खाली बुडी मारली.

वरून जे दिसलं ते असं. मास्तर एकाएकी पाण्याखाली गेले. भिंतीशी ताठ झाले. एक हात भिंतीला घट्ट, दुसऱ्याची मूठ आवळलेली, आणि खांदा थडथड हलतोय.

"काकू, वेळ!" शिट्टी ओरडली आणि एका झेपेत तिने मास्तरांना पाठीमागून धरलं. पोहता न येणारे तिकीटराव कपड्यांनिशी, पायताणांसकट उथळ बाजूने आत. दोघांनी मिळून मास्तरांना काठावर घेतलं, कुशीवर वळवलं. वहिनींनी टॉवेलची घडी डोक्याखाली सरकवली. "मूठ आवळलीय हो! सात सेकंद... आठ... तोंडात काही घालू नका!"

"मी कुठे काय घालतोय?" तिकीटराव रडकुंडीला आले होते.

मास्तर काहीतरी सांगायचा जिवापाड प्रयत्न करत होते, पण नाकातोंडात पाणी होतं आणि सरळ होऊ पाहिलं की तीन माणसं त्यांना पुन्हा कुशीवर वळवत होती. शेवटी जोराचा ठसका लागला. त्यांनी मूठ उघडली आणि नाचवली. तळहातावर पोहण्याच्या टोपीचा एक गुलाबी, बुळबुळीत तुकडा होता.

"सहा नंबर!" मास्तर गरजले. "सहा नंबरात अडकला होता! तीन वर्षं! मी अर्जावर अर्ज करतोय आणि हा इथे! ओढून ओढून निघेना!"

तिकीटरावांच्या पायताणांतून पाणी गळत होतं, तेवढाच आवाज.

मग तिकीटराव फिसकन हसले. शिट्टीही हसली, आणि मास्तर तर अर्धा दात दाखवून हसतच होते. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी स्टॉपवॉच पिशवीत टाकलं.

"कपडे करा. निघू या."

"अगं, पण काही झालंच नाही!"

"मला काय माहीत झालं नाही ते?" वहिनींचा आवाज फुटला. "पाण्याखाली गेलात की मला काही कळत नाही हो. पंपघरात पडलात तर कळतं, न्हाणीघरात पडलात तर कळतं. हे मला नाही झेपायचं. चोवीस वर्षं एक कान दाराकडे लावून बसलेय मी."

मास्तरांचं हसू मावळलं. त्यांना वाईट वाटलं, रागही आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना. एका बावन्न वर्षांच्या माणसाला तिघांनी ओल्या कपड्यासारखं उचलून काठावर ठेवलं होतं. ते उठून बसले. पाण्याकडे बघत राहिले. आज उठलो तर पुन्हा कधी उतरणार नाही, हे त्यांना स्वच्छ कळत होतं.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "सांगून जायला हवं होतं. पण ऐक ना. पाण्याखाली नाही जाणार. मान वर ठेवून जातो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदाच." ते थांबले. "पाढा म्हणत."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग शिट्टीकडे. शिट्टी म्हणाली, "काकू, मी शेजारूनच पोहते. हात लांब केला की काका हाताला लागतील."

"तिकडे खोल आहे."

"मला खोल चालतं, काकू."

वहिनींनी पलीकडच्या टोकापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. मग वहिनींनी पिशवीत हात घालून स्टॉपवॉच बाहेर काढलं.

"एकोणतीसचा," त्या म्हणाल्या. "आणि मोठ्याने."

मास्तर उतरले. "एकोणतीस एके एकोणतीस!" पहिला हात. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!" रिकाम्या तलावावर आवाज घुमला. शिट्टी शेजारून, वहिनी काठाकाठाने, आणि त्यांच्यामागे पचक पचक करत तिकीटराव. त्रिक, चोक, पाचे. पायाखालच्या फरशा निळ्या होत होत काळपट झाल्या, मास्तर खोलावर आले. दम लागला होता. शब्द तुटत होते. "एकोणतीस... सक... एकशे चौऱ्याहत्तर!"

"एकोणतीस सत्ते..."

आणि आवाज बंद.

शिट्टीचा हात पुढे झाला. तिकीटरावांनी डोळे मिटले. वहिनींची चप्पल पायातून निसटली, ती त्यांनी तशीच सोडली. तलावाच्या अगदी काठावर वाकून त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या, "दोनशे तीन!"

"दोनशे तीन!" पाण्यातून उत्तर आलं. "मला येत होतं! दम घेत होतो!"

पाढा संपला तरी टोक आलं नव्हतं. म्हणून मास्तरांनी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, आणि एकोणतीस चोकला त्यांचा हात पलीकडच्या भिंतीला लागला. तिकीटराव टाळ्या वाजवत सुटले. शिट्टीने शिट्टी अशी वाजवली की बाहेर रस्त्यावरचे दोघे थबकले.

मास्तर धापा टाकत वर आले. वहिनी काठावर बसून वहीत लिहीत होत्या. ही वही मास्तरांनी कधी उघडली नव्हती. त्यांच्या आयुष्यातली जी मिनिटं त्यांना ठाऊकच नव्हती, ती सगळी तिथे होती. आज मात्र ते टपटप गळत वहिनींच्या खांद्यावरून वाकले. वरच्या ओळींत बारीक अक्षर होतं: जेवत होते. पंप पुसत होते. मुलीला शाळेत सोडत होते. आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीत तेच ते: दमले, झोपले. दमले, झोपले. त्याखाली आजची ओळ. वेळ सात वाजून दहा. एक मिनिट बावन्न सेकंद. काय करत होते: पोहत होते.

चोवीस वर्षांतली ही एकच नोंद अशी होती, की जी मास्तरांना स्वतःला आठवत होती.

शेवटचा रकाना रिकामा होता. वहिनी पेन धरून थांबल्या होत्या.

"बोला. नंतर कसे होते?"

"दमलो," मास्तर म्हणाले. मग भीत भीत, "पण उघडायला अजून पाऊण तास आहे."

वहिनींनी त्यांच्याकडे न बघता लिहिलं: दमले. पुन्हा जायचं म्हणतात. अक्षरांवर पाण्याचे थेंब पडले, ते त्यांनी बोटाने टिपले. मग वही मिटून पिशवीत ठेवली आणि स्टॉपवॉच शून्यावर आणलं.