विगनच्या बरणीचा खुलासा

मी एक बरणी आहे, आणि माझ्याविषयी आजवर जे लिहून ठेवलं गेलंय ते मला मान्य नाही. पावणेदोनशे वर्षं एक चिठ्ठी माझ्या पोटाला चिकटलेली होती. "चिनी बरणी, व्हिनेगरची. मनिला. एका व्यापाऱ्याकडून भेट." एवढ्याशा मजकुरात तीन चुका करायला वेगळी अक्कल लागत नाही, बेपर्वाई पुरते.

माझा जन्म फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या विगन गावातला. रेड्यांनी तुडवलेली माती, चढावर बांधलेली लांबलचक भट्टी, आणि मला चाकावर उभं करणारा कुंभार. त्याचा आजोबा चीनहून आला होता खरा. पण त्याची आई तिथली, बायको तिथली, भाषा तिथली आणि माझी मातीही तिथलीच. मग मी चिनी कशी?

मी दीड हात उंच, पोट सुटलेलं, रंग करपलेल्या गुळाचा. मला विकत घेणारी बाई ऊस पिकवणाऱ्या घरातली होती. ती माझ्यात बासी घालायची. नावावर जाऊ नका, शिळ्यापाक्याशी तिचा काही संबंध नाही. बासी म्हणजे उसाची दारू. रस उकळायचा, निववायचा, त्यात तांदळाच्या पिठाचं विरजण आणि एका झाडाचा पाला घालायचा, आणि केळीच्या पानानं माझं तोंड बांधून मला महिनोन्महिने एकटं सोडायचं. मूल जन्मलं की मला उघडत. लग्न ठरलं की उघडत. माणूस गेलं तरी उघडत, आणि पहिला घोट जमिनीवर ओतत, गेलेल्यांसाठी.

त्या काळी तिथं स्पेनचं राज्य होतं. मनिलाहून मोठमोठी गलबतं चीनचं रेशीम घेऊन मेक्सिकोला जात आणि चांदी घेऊन परत येत. त्या व्यापारातलं ऊसवाल्याच्या अंगणात काही पडत नसे. उलट सरकारची नजर त्याच्या अंगणावर पडली. तंबाखूचा मक्ता आधीच सरकारनं घेतला होता, मग दारूचाही घेतला. हुकूम असा की आपल्या उसाची बासी आपल्या घरी करायची नाही, सरकारी दुकानातून विकत आणायची. तुमच्याकडे पुढं मिठाचं असंच झालं, त्यामुळे जास्त समजावून सांगायला नको.

लोकांनी वीस वर्षं चोरून बासी केली. १८०७च्या सप्टेंबरात मात्र उत्तरेकडची गावं उठली आणि भाले, कोयते घेऊन विगनच्या दिशेनं निघाली. आमच्या बाईचा थोरला मुलगा त्यांना जाऊन मिळाला. माझ्यात तेव्हा त्याच्याच लग्नाची बासी मुरत होती. बारा-तेरा दिवसांत बांताओय नदीवर सरकारी फौजेनं सगळं संपवलं. बंदुकांचे आवाज आमच्या ओसरीवर ऐकू आले. मुलगा परतला नाही.

दुसऱ्या दिवशी शिपाई घरोघर बरण्या फोडत येताहेत अशी बातमी आली. आमच्या घरात सहा बरण्या होत्या. बाईनं माझं तोंड सोडलं, अर्धी बासी परसात ओतली आणि चुलीमागचं सगळं आंबट व्हिनेगर माझ्यात रिकामं केलं. शिपायानं बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि मला सोडलं. बाकीच्या पाच जणी बंदुकीच्या दस्त्यानं फुटल्या. मी खोटं बोलून वाचले. व्हिनेगरची बरणी हे माझं नाव त्या दिवसाचं आहे, आणि ते मला एका आईनं आपल्या मुलाच्या लग्नाची दारू ओतून दिलेलं आहे. पुढची सगळी वर्षं व्हिनेगरच माझ्यात राहिलं. पुन्हा बासी घालायचा धीर तिला झाला नाही.

ती गेल्यावर मी हात बदलत मनिलाच्या धक्क्यावर पोचले. तिथं एका डच जहाजावर चढवलेल्या सामानात मी होते. डेक घासायला व्हिनेगर लागतं. ते संपलं, मी उरले, आणि जहाजावरच्या डेकर नावाच्या अधिकाऱ्यानं मला घरी नेलं. देणारा कुणी नव्हताच, पण भेट हा शब्द त्याला आवडला असावा. त्यानंच ती चिठ्ठी लिहिली.

हॉलंडमधल्या लायडन गावी, त्याच्या घरात मी वाळू सांभाळली, फुलं सांभाळली आणि शेवटची पन्नास वर्षं दारामागे छत्र्या सांभाळल्या. या देशात छत्री कधी सुकत नाही. माझ्या तळाशी काळं पाणी कायम असे.

घराची आताची मालकीण मेव्राउ डेकर, म्हणजे डेकरबाई, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. वरचा मजला त्यांनी संहिताला भाड्यानं दिला होता. संहिता पुण्याची, इथल्या विद्यापीठात इतिहासाची संशोधक. विषय म्हणाल तर तोच, १८०७चं बंड. छत्री ठेवायला वाकली आणि माझी चिठ्ठी वाचून तिथंच बसून राहिली. डेकरबाईंना मला एका संग्रहालयाला देऊन टाकायचंच होतं. माझी माहिती तू लिही, असं त्यांनी संहितालाच सांगितलं.

मग २०२०चा मार्च आला आणि सगळं बंद झालं. संहिताचं मनिलाला जाणं रद्द झालं, तिथली दफ्तरं बंद. तिच्या मार्गदर्शकांनी स्क्रीनवरून सांगितलं की पुराव्याशिवाय घरोघरच्या बासीवरचं प्रकरण प्रबंधात राहणार नाही. प्रकरण नाही तर मुदतवाढ नाही, आणि डिसेंबरनंतर या देशात राहण्याचं कारणही नाही. तिच्या हातात एकच वस्तू होती, ती मी. बरणीच्या आतल्या लेपात बासीचा अंश सापडला तर चिठ्ठी खोटी ठरते, असं तिनं ठरवलं. चिठ्ठी अलगद सोडवून वहीत ठेवली आणि प्रयोगशाळा उघडेपर्यंत मला वर आणून ठेवलं. डच जिना म्हणजे शिडीच. ती मला कवटाळून एकेक पायरी चढत होती आणि डेकरबाई खालून, दीड मीटर अंतर राखून, सूचना देत होत्या.

मला धास्ती वाटत होती. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. प्रयोगशाळेला व्हिनेगरच सापडलं असतं, आणि एका बाईनं जीव मुठीत धरून केलेल्या खोट्यावर विज्ञानाचा शिक्का बसला असता. त्यानंतर कुणी वाद घातला नसता. पण बरणीला बोलता येत नाही.

संहिताची आई कुमुदिनी फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आली होती, आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकली होती. कराडच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर एकतीस वर्षं बसून निवृत्त झालेली. रिकामं बसणं तिच्या अंगातच नाही. संहिता दिवसभर खोलीचं दार लावून मीटिंगमध्ये. मला आणलं तेव्हा ती आईला एवढंच म्हणाली होती, "ही फार महत्त्वाची आहे, नीट सांभाळ." आता मराठी बाईला बरणी नीट सांभाळायला सांगितली तर ती काय करणार?

जूनच्या चौदा तारखेला बाजारातून लिंबं आली. कुमुदिनीनं मला कढत पाण्यानं तीनदा घासलं, राखेऐवजी सोडा लावून. खिडकीतल्या उन्हात दिवसभर वाळवलं. मग लोखंडी पळी लाल होईतो तापवली, तीत तूप आणि हिंग टाकला, आणि मला त्या धुरावर पालथं घातलं. धुरी दिल्याशिवाय लोणचं टिकत नाही, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. दोनशे वर्षांचा लेप पाण्याबरोबर गेला होता, उरलासुरला धुरानं झाकला.

मला काय वाटलं ते खरं सांगते. सुटल्यासारखं वाटलं.

संहिता दार उघडून बाहेर आली आणि धुरावर पालथी घातलेली मी तिला दिसले. म्हणाली, "आई, ते सॅम्पल होतं."

कुमुदिनीला आधी कळेना. कळलं तेव्हा हातातली पळी ओट्यावर ठेवली आणि पाठ करून उभी राहिली. "घाण होती गं आत. छत्र्यांची," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. हिंगाचा वास खाली पोचला होता आणि डेकरबाईंना वाटलं गॅस गळतोय. मे महिन्यात त्या पडल्या, तेव्हापासून मारिलू नावाची नर्स त्यांच्याकडे रोज सकाळ-संध्याकाळ येत असे. तिनंच धावत वर येऊन, मास्क सावरत, दार ठोठावलं आणि गॅस बंद करा म्हणून सांगितलं. गॅस बंदच होता. ओट्यावर मी होते, पालथी, तोंडाखालून धूर येत असलेली.

मारिलू फिलिपिन्सची, आणि नेमकी माझ्याच मुलखातली. ती आली तोवर मी वर आले होते, म्हणून तिनं मला पाहिलं नव्हतं. तिनं न विचारता मला सुलटं केलं, तोंडाच्या कडेखालच्या खाचेतून बोट फिरवलं आणि हसली. पानावरून दोरी आवळायची ती खाच. ही बासीची, म्हणाली, आमच्या घरी अशा दोन आहेत. संहितानं रडवेल्या आवाजात चिठ्ठी दाखवली आणि कागद व्हिनेगर म्हणतो असं सांगितलं. मारिलूनं ती वाचली.

"व्हिनेगरच लिहिणार. आमची आजी सांगायची, झडतीला माणूस येतोय कळलं की गावातली सगळी बासी व्हिनेगर व्हायची."

संहितानं तिला ते पुन्हा सांगायला लावलं, आणि लिहून घेतलं.

त्यानंतरची भांडणं मी लोणच्यानं भरलेल्या पोटानं ऐकली. संग्रहालयातले गृहस्थ स्क्रीनवर आले. नम्र माणूस, पण मतावर ठाम. नर्सची आजी म्हणजे ऐकीव गोष्ट, डेकर घराण्याची चिठ्ठी म्हणजे कागद, असं त्यांचं म्हणणं. संहिता तीन महिन्यांत पहिल्यांदा तापली. ती म्हणाली, "चिठ्ठीही कुणाच्या तरी तोंडचीच आहे. फक्त त्याच्याजवळ शाई होती." गृहस्थांनी शेवटी सुधारित माहितीपत्रक पाठवायला सांगितलं. सहीची जागा मालकिणीसाठी होती.

पत्रकात एक रकाना होता, आतले अवशेष कसे गेले याचा. संहितानं तिथं लिहिलं की अज्ञात व्यक्तीनं केलेल्या सफाईत नष्ट. खरं तर सोपा मार्ग होता. सगळा दोष छत्र्यांवर आणि डेकरांच्या दोन पिढ्यांवर जाऊन पडला असता.

कुमुदिनी मागून वाचत होती. "अज्ञात कोण?"

"आई, तुझं नाव घातलं तर हसतील मला. लोणच्यासाठी पुरावा धुतला म्हणून."

"एकतीस वर्षांत मी नदीत सापडलेल्या माणसालासुद्धा चौकशी केल्याशिवाय अज्ञात लिहिलं नाही. इथं तर मी समोर बसलेय. लिही, कुमुदिनी श्यामकांत देव. तारीख घाल. लोणचं घातलं तेही घाल."

संहितानं अज्ञात व्यक्ती खोडली. मग आईनं सांगितलं तसं टाइप केलं.

सहीसाठी पत्रक खाली गेलं. डेकरबाईंनी दारात खुर्ची टाकून, भिंग लावून ते दोनदा वाचलं. भेट हा शब्द काढलेला पाहून त्यांचा चेहरा कडक झाला. आपला पूर्वज चोर होता का, असं त्यांनी सरळ विचारलं. संहितानं सांगितलं की ते तिला ठाऊक नाही, पण देणाऱ्याचं नाव कुठंच नाही. डेकरबाईंना ते पटलं नाही आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. मग लोणच्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"जी बाई आपली स्वतःची चूक नावानिशी लिहून देते, तिच्या घरचा कागद खोटा नसावा." त्यांनी सही केली.

कुमुदिनी ऑगस्टमध्ये खास सोडलेल्या विमानानं परतली. अर्धं लोणचं मारिलूला गेलं. संहितानं प्रकरण नव्यानं लिहिलं, बासीचा अंश सापडला म्हणून नव्हे, तर व्हिनेगर का सापडलं असतं यावर. मार्गदर्शक फार खूश नव्हते. वर्षाची मुदतवाढ मागितली होती, सहा महिन्यांची मिळाली.

मी आता संग्रहालयाच्या कोठारात आहे, मापाच्या थंडीत, फोमच्या गादीवर. पत्रकावर लिहिलंय की विगन, बासी किंवा व्हिनेगर. त्या "किंवा"साठी तीन बायका भांडल्या, म्हणून मी तो चालवून घेते. खाली मारिलूच्या आजीची साक्ष आहे, आणि कुमुदिनी देव यांनी १४ जून २०२० रोजी बरणी धुऊन धुरी दिल्याची नोंद. शेवटच्या ओळीत "डेकर कुटुंबाकडून भेट" हेही आहेच. डेकरबाईंनी मला दिलं हे खरं. मी त्यांची होते का, हा माझा प्रश्न मी अजून मागे घेतलेला नाही.

एक गोष्ट मात्र मलाही सांगता येत नाही, आणि तिची लाज वाटते. जिनं मला वाचवलं तिचं नाव मला माहीत नाही. त्या घरात सगळे तिला आईच म्हणत. झडतीला आलेल्या शिपायानं बरण्या मोजल्या, तिला नाव विचारलं नाही. मुलगा असता तर त्यानंही आईच हाक मारली असती. माझ्यातलं ओतणारी आणि धुणारी, या दोघींपैकी एकीचंच नाव कागदावर आहे. तुमच्या घरात कुणाला अजून विचारता येत असेल, तर अशा बायकांची नावं विचारून घ्या.