उन्हाशी दोन हात
म्वान्झा शहरात, तळ्याच्या काठी मिंझाचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान होतं. बुडालेला कॅमेराही ती जिवंत करते असं लोक म्हणत, आणि तीही नाही म्हणत नसे.

तिची धाकटी बहीण लिमी जन्मापासूनच रंग नसलेल्या कातडीची. फुटबॉलची पंच होती, भर उन्हात शिट्टी फुंकत धावायची. उन्हाचं मलम नेमानं लावूनही त्या हंगामात तिचं नाक सोलवटलं, कानांवर फोड आले.

"लावतेस का नुसतं हुंगतेस?" मिंझा म्हणाली.

"अगं ताई, चपातीला तेल लागत नसेल एवढं चोपडते!"

मिंझाने बघून घ्यायचं ठरवलं. अतिनील उजेड माणसाला दिसत नाही, पण कॅमेऱ्याच्या सेन्सरला थोडाफार दिसतो. फोटोचे रंग बिघडू नयेत म्हणून सेन्सरपुढे एक काच बसवून हा उजेड अडवलेला असतो. तिने एका जुन्या कॅमेऱ्यातली ती काच काढली. आजकालची भिंगं हा उजेड वाटेतच गिळतात, म्हणून वडिलांच्या फोटो धुण्याच्या खोलीतलं साधं भिंग बसवलं आणि त्यावर फक्त अतिनील उजेड सोडणारी काळी काच चढवली. मग लिमीला मलम लावून उन्हात बसवलं.

फोटोत लिमीचा चेहरा फिकटच आला. त्यावर एरवी न दिसणारे डाग, नाकापासून कानापर्यंत.

"मलम काळं दिसायला हवं," मिंझा म्हणाली. "ते हा उजेड पिऊन टाकतं."

"काळं कुठंय? आंधळा आहे तुझा कॅमेरा."

"माझा कॅमेरा आंधळा नाही." मिंझाने शेजारणीकडून दवाखान्यातलं मलम बोटभर आणलं आणि बहिणीच्या कपाळावर आडवं ओढलं. पुढच्या फोटोत तिथे काजळाचा पट्टा उमटला.

लिमीने दोन्ही फोटो ताडून पाहिले. "म्हणजे सगळा हंगाम मी सुगंधी चरबी फासून धावले," ती म्हणाली. "चल बाजारात."

लिमी ज्याच्याकडून मलम घ्यायची तो मागेसा नावाचा मलमवाला सावलीत बसला होता. "फोटोत काय, बकरीलाही पंख लावता येतात," तो हसला.

"मग तुमच्यासमोरच काढू, मामा," म्हणत लिमीने एका हाताला त्याचं मलम लावलं, दुसऱ्याला दवाखान्यातलं, आणि दोन्ही हात उन्हात धरले. घोळका जमला. मिंझाने कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून फोटो काढला आणि पडदा सगळ्यांकडे फिरवला. एका हातावर काळा मोजा चढला होता. दुसरा उघडा.

"माझ्या हातावर करून दाखव की!" गर्दीतली एक मासेवाली पुढे सरसावली.

"तुझी कातडी आधीच हा उजेड पिते, मावशी. फरक दिसायचा नाही. इथे लिमीच पाहिजे."

"ऐकलंत ना?" लिमी ताठ उभी राहिली. "मागं व्हा, ढकलाढकली नको."

मागेसाचं हसू मावळलं. होडीवाल्याने बंद पिंपं आणून दिली, आपण फक्त डब्या भरल्या, असं तो पुटपुटला. खरं असेल, नसेलही. पण डब्या त्याने त्याच दुपारी उचलल्या आणि पुढच्या खेपेचं मलम विकायच्या आधी मिंझाच्या दारात आणून ठेवलं. "घे, बघ," एवढंच तो घुश्शात म्हणाला.

फोटोतले डाग दाखवायला गेलेल्या लिमीच्या कानावरचा एक डाग डॉक्टरांनी कापून काढला. वेळेत आलीस, म्हणाले. पट्टी बांधलेल्या कानाने ती मैदानात परतली तेव्हा एका खेळाडूने विचारलं, "पंचबाई, कानाला काय झालं?"

"फाऊल," लिमी म्हणाली, आणि शिट्टी वाजवली.