बिरुदेवचं नाक

चिंचोळीच्या एमआयडीसीतल्या त्या रसायनांच्या कारखान्यात भिंतीवर गॅस ओळखणारं यंत्र होतं, पण त्याची तार काढून ठेवली होती. ते उठसूट कोकलायचं आणि काम खोळंबायचं. शिवाय कारखान्याकडे बिरुदेव होता, आणि बिरुदेवला नाक होतं. नाक सगळ्यांनाच असतं म्हणा. पण इथे दहा वास कायमचे मुरलेले. त्यातून गळतीचा वास निवडून काढणं येरागबाळ्याचं काम नव्हे. सहा वर्षांपूर्वी पंपातून टोल्युईन, म्हणजे एका ठिणगीनं भडकणारं रसायन, गळायला लागलं, तेव्हा तो थिनरसारखा वास गेटपाशी उभ्या असलेल्या बिरुदेवला एकट्याला आला. त्यानं धावत जाऊन पंप बंद केला. मालकांनी शाल-श्रीफळ दिलं. तेव्हापासून कुठंही वेल्डिंग करायचं तर आधी बिरुदेवनं जागेचा वास घ्यायचा आणि परवान्यावर सही करायची, असा शिरस्ताच पडला. एका माणसाच्या नाकपुड्यांवर अख्खा कारखाना टांगायचा आणि वर त्याला पद्धत म्हणायचं!

आणि ते नाक तर गेली चार वर्षं बंद होतं. करोनाच्या तापात वास गेला, तो परत आलाच नाही. हे फक्त त्याच्या बायकोला, चंद्रिकाला ठाऊक होतं, कारण एकदा शेगडीपुढं बसूनसुद्धा त्यानं दूध करपू दिलं होतं.

"सांगा की सायबास्नी," ती म्हणायची.

"सांगून खायाचं काय? नाक गेलं की नोकरी बी गेली. दोन वर्सं ऱ्हायलीत, निभंल."

तो सांध्यांवरून हात फिरवायचा, पंपाखाली ओल दिसते का बघायचा आणि सही ठोकायचा. चार वर्षं निभलं. निभत गेलं की माणूस त्यालाच हुशारी समजायला लागतो.

त्या सोमवारी इंद्रायणी मॅडम आल्या. मूळच्या बार्शीच्या, आता कारखान्यांतले धोके शोधून काढायचं काम करणाऱ्या. त्यांची रीत साधी होती. नकाशावरचा एकेक पाईप घ्यायचा आणि विचारायचं, यातला प्रवाह थांबला तर? जास्त आला तर? उलटा फिरला तर? आणि प्रत्येक वेळी शेवटचा प्रश्न एकच, तुम्हाला कळणार कसं?

बैठकीच्या खोलीत नकाशावरचं बोट टोल्युईनच्या पंपाशी आल्यावर मॅनेजर चिंतामणी साहेब हसत म्हणाले, "कळणार कसं म्हणजे? आमचे बिरुदेव आहेत ना!"

"मग नाकालाही तोच प्रश्न," मॅडम म्हणाल्या. "नाक बंद पडलं तर?"

सगळे खो खो हसले. सर्वांत मोठ्यानं हसला बिरुदेव. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "मामा, थट्टा नाही करत. सर्दी झाली तर?"

"मला सर्दी हुत न्हाय," बिरुदेव म्हणाला आणि त्यानं नजर नकाशावर वळवली.

तेवढ्यात दारात वेल्डर गुरु आला. पंपाशेजारच्या पाईपाचा आधार तुटला होता, तो जोडायचा होता. त्यानं परवान्याचा कागद पुढं केला. "मामा, तेवढं बघून द्या की. उन्हं चढायच्या आत उरकतो."

बिरुदेव उठला. पंपापाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि छाती भरून श्वास घेतला. भिंतीला नाक लावल्यासारखं वाटलं. ओल कुठं दिसत नव्हती. सांधे कोरडे होते. त्यानं पेन काढलं. मागं गुरु वेल्डिंगची केबल ओढत होता आणि कुठलंसं गाणं गुणगुणत होता. या पोरानं आजवर एकदाही विचारलं नव्हतं, मामा, नक्की ना? बिरुदेवला स्वतःची भयंकर शरम वाटली.

तो बिनसहीचा कागद घेऊन तसाच बैठकीत परतला.

"साहेब, मला वास येत न्हाय."

"छान! मग सही करा," चिंतामणी साहेब म्हणाले.

"तसं न्हवं. कशाचाच येत न्हाय. करोना झाल्यापासनं."

चिंतामणी साहेबांचा चेहरा लाल झाला. "चार वर्षं? चार वर्षं तुम्ही आम्हाला फसवलंत? तुमचं काय करायचं ते उद्या बघतो."

"उद्याचं उद्या," मॅडम म्हणाल्या. त्या केव्हाच उठल्या होत्या. "आधी वेल्डिंग थांबवा."

त्यांनी बॅगेतून हातात मावेल एवढं गॅस ओळखणारं यंत्र काढलं आणि सगळ्यांना घेऊन पंपाकडे गेल्या. पंपाशी सगळं ठीक दिसलं. आकडा जेमतेम हलला. मग त्यांनी पंपामागच्या झाकलेल्या गटारीच्या फटीतून यंत्राची नळी आत सोडली. यंत्र किंचाळायलाच लागलं. पंप मागच्या बाजूनं थेंबथेंब गटारीतच गळत होता. वर ओल दिसणार कुठून? टोल्युईनची वाफ जड, ती झाकणाखाली तुंबून राहिली होती.

"मागं व्हा सगळे! पंप इथून नको, ठिणगी उडेल. लांबच्या पॅनेलवरून बंद करा."

फटीजवळ उभा असलेला गुरु नाकावर हात दाबून मागं सरला. चिंतामणी साहेब सरले. बिरुदेव तेवढा तिथंच उभा होता. त्याला कसलाच वास येत नव्हता. मॅडमनी त्याला दंडाला धरून मागं ओढलं.

"कधीपासनं गळत आसंल?" त्यानं विचारलं.

"सांगता येणार नाही, मामा. एवढं साचायला दिवस लागतात. आठ, दहा."

पंप बंद झाला. सगळे गेटजवळच्या लिंबाखाली जमले. चिंतामणी साहेब फोनवर मालकांना काहीबाही सांगत होते. बिरुदेवला नोकरीची काळजी वाटायला हवी होती. पण ती आता कुठंच नव्हती.

गुरु त्याच्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ हातमोजे काढत राहिला.

"मामा, मागल्या बुधवारी बी मी तितंच वेल्डिंग केलं की."

"व्हय," बिरुदेव म्हणाला. "सही माझीच हुती."