धोंड्याच्या महिन्यातली फियाट

भगवंतरावांची फियाट अखेर चालू झाली. अर्ध्या वलगावनं ते पाहिलं, उरलेल्यांनी हॉर्न ऐकला, आणि गोठ्यात तिच्या जागी आता नुसता तेलाचा डाग आहे. पण भगवंतरावांचा मुलगा विपुल म्हणतो, चालू-बिलू काही झाली नाही. डाग दाखवला तर म्हणतो, तो पहिलेपासूनच होता. त्याचा चेहरा पाहून कोणी वाद घालत नाही. आपणही घालायला नको. गाडी चालू झालीच नाही असं धरू, आणि कशी नाही झाली तेवढं पाहू.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर भगवंतरावांनी फियाट गोठ्यात, बैलजोडीच्या शेजारी उभी केली. विपुल तेव्हा कॉलेजात होता. "मी चालवतो ना, बाबा," तो म्हणाला. भगवंतरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यानं त्यांची किडनी मागितली होती.

"तू ट्रॅक्टर चालव. ठोकला तं ट्रॅक्टरले काई होत नाई."

आणि त्यांनी किल्ली करदोड्याला बांधून टाकली. गाडीचे कागद मात्र ते न चुकता नवे करून घेत. कागदांवर फियाट कायम ठणठणीत होती.

पुढे बैलजोडी विकली. त्यानंतरचा पहिला पोळा आला तेव्हा विपुलच्या आईच्या, मनकर्णाबाईंच्या लक्षात आलं, की पुरणाची डाळ भिजत घातली आहे, हळद-लोणी तयार आहे, आणि गोठ्यात एकटी फियाट आहे. बैल नाहीत म्हणून सण बुडवायचा का? आदल्या संध्याकाळी खांदेमळणी झाली. दोन्ही मडगार्डांना हळद-लोणी चोळलं आणि भगवंतराव गंभीरपणे म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी पाहुणी हजरच होती, टायरमध्ये हवा नसल्यानं तिला दुसरीकडे जाता येण्यासारखं नव्हतं. तोंड म्हणून बॉनेट उघडलं आणि इंजिनावर पुरणपोळी ठेवली. काही दिवसांनी पाहिलं तर पोळी गायब.

"खाल्ली वो माह्या माईनं!" म्हणून मनकर्णाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

तेव्हापासून दर पोळ्याला फियाट जेवत आली.

यंदा अधिक महिना आला, ऐन उन्हाळ्यात. या महिन्यात जावई म्हणजे देव. विपुलच्या बहिणीचा, रागिणीचा नवरा नितेश हा अकोल्याच्या जुन्या शहरात हारफुलांचा धंदा करणारा देव होता. तसा तो बाराही महिने देवच होता. तो आला की कुलरचं तोंड त्याच्याकडे वळायचं. तो काही बोलला की भगवंतराव हसायचे, आणि तेच विपुल बोलला की म्हणायचे, "जेव गुमान." आंब्याच्या रसाची वाटी नितेशची रिकामी व्हायच्या आधी भरायची, विपुलची रिकामी झाली की घासायला जायची.

एका रात्री जेवताना भगवंतरावांनी जाहीर केलं, "यंदा जवाईबापूले चांदीचं ताट नाई देत. फियाट देतो."

विपुलच्या हातातली भाकर हातातच राहिली.

"त्यायच्या गल्लीत तं बैलबंडी शिरत नाई, बाबा. गाडी ठेवतीन कुठी?"

"मोर्ना नदीच्या काठी ठेवतीन. तुले काय करा लागते?"

"मंग चालूबी त्यायलेच करू द्या."

मनकर्णाबाई दचकल्या. "काहून रे? धोंड्याच्या महिन्यात जवायाच्या हाताले गिरीस लावतं काय? लोकं तोंडात शेन घालतीन आपल्या. तूच कर."

अशा रीतीनं, जी गाडी विपुलला कधी मिळाली नाही, ती दुसऱ्याला देता यावी म्हणून जिवंत करायचं काम विपुलवर आलं. भगवंतरावांनी करदोड्याची किल्ली सोडून त्याच्या हातावर ठेवली. "साफसफाईपुरती," ते म्हणाले.

विपुलला एकच आशा होती. गाडी मेलेली असावी. खात्री करायला त्यानं आपला मित्र श्याम याला आणलं. श्याम विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरायचा आणि वेळ पडली तर इतर वस्तूंकडेही पाहायचा. त्यानं बॉनेट उघडलं आणि आत वाकून पाहिलं.

"अबे, हे इंजिन हाय का उंदरायचं मंगल कार्यालय?"

एअर फिल्टरमध्ये उंदरांची तिसरी पिढी नांदत होती. वायरी कुरतडल्या होत्या.

"माय पोळी ठेवते," विपुल म्हणाला.

"गाडीले?"

"मंग कोनाले? पोळा असते ना."

श्यामनं विचार केला. "तूप टाकते का वरतून?"

"टाकते."

"मंग बराबर हाय," श्याम म्हणाला आणि पाने-पकड काढायला बसला.

मनकर्णाबाईंना उंदीर दाखवले, तरी त्यांनी ते मानले नाहीत. त्यांच्या मते पोळी गाडीनंच खाल्ली होती आणि उंदीर उष्टं खायला आले होते.

विपुलनं मन लावून हलगर्जीपणा करायचं ठरवलं होतं. पण टाकीतलं जुनं पेट्रोल काढताना त्याला वार्निशसारखा वास आला आणि त्यानं टाकी दोनदा धुतली. प्लग काढून भोकांत तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं, सकाळी पंखा हातानं फिरवून पाहिला. पंखा फिरला, म्हणजे इंजिन जाम नव्हतं. त्याला आनंद झाला, आणि आनंद झाल्याचा राग आला. नव्या वायरी, नवी बॅटरी, साफ केलेला कार्बोरेटर, टायरमध्ये हवा, टाकीत ताजं पेट्रोल. त्याला वाटे, आपण दुसऱ्याच्या नवरीला उटणं लावतोय.

मग एका दुपारी, कुलरच्या घरघरीत घर घोरत असताना, त्यानं सहज किल्ली फिरवली आणि फियाट खोकली. परत फिरवली. गाडीनं निळा धूर सोडला आणि सुरू झाली. विपुल तिला गोठ्याबाहेर काढून समोरच्या निंबाच्या झाडापर्यंत घेऊन गेला आणि रिव्हर्समध्ये परत आणली. एवढ्या प्रवासात त्याला कोणी नाही म्हटलं नाही. असं त्याच्या आयुष्यात याआधी घडलं नव्हतं.

मग त्यानं इंजिन बंद केलं, कॉईलची वायर, जिच्याशिवाय ठिणगी पडत नाही ती, उपटून खिशात घातली आणि घरात जाऊन सांगितलं, "नाई झाली."

रविवारी नितेश आणि रागिणी आले. नितेशचे पाय धुतले, अनारसे दिले, धोंडे खाऊ घातले. मग, चालू होवो न होवो, ठरल्याप्रमाणे फियाटला झेंडूचा हार घालून गोठ्यासमोर आणलं, म्हणजे विपुलनं ढकलत आणलं. गाव जमलं. नितेश आत बसला आणि किल्ली फिरवली.

कर्र कर्र. मग शांतता.

विपुलनं दुःखी चेहरा केला. तो आदल्या रात्री आरशात करून पाहिलेला होता.

"धक्का मार," भगवंतराव म्हणाले. विपुलनं मारला. गावानं मारला. देवासकट गाडी निंबापर्यंत गेली आणि थांबली.

"र्‍हाऊ द्या मामाजी," नितेश खिडकीतून म्हणाला. "साळेबुवानं मेहनत तं केली."

"मेहनत!" भगवंतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गाडीत काई खोट नाई, जवाईबापू. ह्या पोराच्याच हातात गुन नाई. मले मालूम होतं."

विपुलनं हात खिशात घातला. खिशातली वायर त्याच्या मुठीत होती. वायर खिशात ठेवली तर गाडी घरी राहील, पण जन्मभर हे वाक्य सोबत राहील. वायर लावली तर वाक्य खोटं ठरेल, पण गाडी अकोल्याला जाईल. दोन्हीकडून नितेशच बसलेला दिसत होता.

त्यानं बॉनेट उघडलं, सगळ्यांकडे पाठ करून वायर ठोकून बसवली आणि म्हणाला, "आता मारा किल्ली."

गाडी एका झटक्यात चालू झाली. नितेशनं खुशीत हॉर्न दाबला. मनकर्णाबाईंनी कडाकडा बोटं मोडली. विपुल वळला आणि वडिलांकडे पाहू लागला. भगवंतरावांचे डोळे भरून आले होते. ते पुढे झाले, विपुलच्या अगदी जवळून गेले, आणि खिडकीतून नितेशचा हात धरून म्हणाले,

"पाहा! ह्याले म्हंतेत जवायाचा पायगुन!"

सगळं गाव हो म्हणालं. रागिणी पुढं बसली. हार हलला आणि फियाट अकोल्याच्या रस्त्याला लागली.

विपुल घरात गेला, दार लावलं आणि दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयात एक अर्ज देऊन आला. तो असा:

"विषय: मुलगा या पदावरून जावई या पदावर बदली मिळण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, अर्जदार हा जन्मापासून स्वतःच्या घरी मुलगा या पदावर विनाखंड कार्यरत आहे. सदर पदास कोणताही मान अनुज्ञेय नाही. तरी अधिक मासाच्या उर्वरित कालावधीकरिता अर्जदारास त्याच्याच घरी जावई म्हणून प्रतिनियुक्ती मिळावी. ते नियमात बसत नसल्यास, अर्जदाराच्या वडिलांनी 'हे पोरानं केलं' असे किमान एकदा, दोन साक्षीदारांसमक्ष, तोंडी म्हणावे, असे आदेश आपल्या स्तरावरून निर्गमित व्हावेत, ही नम्र विनंती."