पश्चिमेच्या फळ्या

"खालून वर चढ, बाबू. पाणी वरून येतं, म्हणून फळी खालून लावायची. वरचीनं खालचीवर पदर घालायचा."

रंगराव मिस्त्रींचा हा आवाज बाबुरावांनी अठराव्या वर्षी, त्यांच्या हाताखाली सुतारकाम शिकताना ऐकला होता. आज संतोष सुतारानं माडीच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पहार लावली, तेव्हा तो पुन्हा कानाशी आला.

विश्रांतवाडीतल्या या घराची तेवढी एकच भिंत लाकडी. बावीस वर्षांपूर्वी बाबुरावांनी स्वतःच्या हातांनी ठोकलेली. आता फळ्या चहात बुडवलेल्या पावासारख्या झाल्या होत्या. बोट लावलं की रुतायचं. लेक मैत्री हडपसरला कॉम्प्युटर कंपनीत. तिनंच फोनवरून सुतार ठरवला. बाबुरावांचा खांदा आता हातोडी उचलू देत नव्हता. गॅलरीत खुर्ची टाकून ते नुसते बघत होते.

संतोषनं सगळ्यात वरची फळी ओढली. हलेना.

"काका, ही तर खालचीच्या आत अडकलीय. प्रत्येक खालची फळी वरचीवर चढवलीय. म्हणजे पाण्याला या, बसा! कुठल्या शहाण्यानं ठोकलं हो हे?"

"होता एक," बाबुराव म्हणाले. "तू खालून काढ."

खालून भराभर निघू लागल्या. एकेक फळी अंगणात पडत होती. दुपारपर्यंत भिंत जाईल, मग कुणाला काही दिसायचं नाही. बाबुरावांनी डोळे मिटले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नुसताच शीण वाटला.

जिन्यातून नंदाबाईंचं गुणगुणणं वर येत होतं, पायरीपायरीला थांबत.

*पायऱ्या मोजिते मी बाई, ओलं ओझं कमरेवर*
*ऊन माझं अंगणात, घर माझं माडीवर*

ही ओवी त्यांचीच. पहिली फळी कुजली त्या वर्षी रचलेली. "तुझ्या ओल्या कपड्यांनी भिंत खाल्ली," असं बाबुराव तेव्हा म्हणाले होते. नंदाबाईंनी भिंतीलगतची दोरी त्याच संध्याकाळी सोडली. मोरी माडीवर; तेव्हापासून धुणं वर धुवायचं आणि बादली घेऊन खाली वाळत घालायचं. गुडघे गेले, पण दोरी परत बांधली नाही.

रिकामी बादली टेकवून त्या आत गेल्या, चहा घेऊन आल्या.

"घे रे संतोष. किती हौसेनं ठोकली होती ह्यांनी. माझी मेलीची दोरी होती तिथं, माझ्यामुळं नासली."

संतोषनं हातातल्या फळीकडे पाहिलं, मग बाबुरावांकडे. आणि कप उचलला.

"आता नव्या भिंतीला जपायचं," नंदाबाई म्हणाल्या. "धुणं मी खालीच नेईन."

"नंदा, बस जरा."

"बसले की उठवत नाही मला. बोला तसंच."

"मैत्री चार महिन्यांची होती. पाऊस तोंडावर, आणि फळ्या निम्म्याच आलेल्या. वरून झड पाळण्यावर आली असती, म्हणून वरचं आधी ठोकलं." बाबुरावांना दम लागला. "उरलेल्या आल्यावर सगळं उकलून नीट लावायला हवं होतं. मी कंटाळा केला. खालच्या तशाच वरून चढवल्या."

नंदाबाई कठडा धरून उभ्या होत्या.

"पहिली फळी कुजली तेव्हाच कळलं होतं मला. तुझ्या दोरीनं काही झालं नाही गं. भिंत मीच उलटी ठोकली होती."