स्टेचं वावर

प्रतिभानं पिशवीतून पाण्याची बाटली काढून आईपुढे धरली, पण रंभाबाईंचं लक्ष समोरच्या बाकाकडे होतं. तिथे निंबामामा बसला होता, पांढरी टोपी गुडघ्यावर ठेवून, नजर खिडकीबाहेर लावून. ही कोर्टातली चौदावी पेशी. चार वर्षांत बहीणभाऊ चौदा वेळा असे समोरासमोर बसले होते आणि एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते.

“वाळला गं,” रंभाबाई हळूच म्हणाल्या.

प्रतिभानं घड्याळात पाहिलं. शाळेतून अर्धी रजा काढून ती आली होती आणि आठवीच्या वह्या तपासायच्या तशाच राहिल्या होत्या.

मामी वारल्यावर मामानं दापोऱ्याचं घर आणि केळीचं वावर विकून इंदूरला मुलाकडे, रितेशकडे राहायला जायचं ठरवलं होतं. गिऱ्हाईकही मिळालं होतं. तेव्हा शहरात, शनवाऱ्यात लेकीकडे राहणाऱ्या, आजवर कोणाशी कधी मोठ्यानं न बोललेल्या रंभाबाई उठल्या, वकील गाठला आणि बापाच्या मिळकतीत आपलाही हिस्सा आहे म्हणून विक्रीवर स्टे आणला. दापोऱ्यात पोरंटोरंसुद्धा आता त्या जमिनीला ‘स्टेचं वावर’ म्हणत. मामा तिथे केळी लावत होता, कापत होता, फक्त विकता येत नव्हतं.

रंभाबाईंचे सागर वकील काखेत फाइल घेऊन आले. समोरच्यांनी निरोप पाठवला होता, की अर्धा हिस्सा बहिणीच्या नावावर करून देतो, केस मिटवू. आता भांडायला काही उरलंच नाही, असं वकिलांचं म्हणणं पडलं. रंभाबाईंनी ऐकून घेतलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“विचार करून सांगते,” एवढंच त्या म्हणाल्या.

वकील गेल्यावर प्रतिभाचा धीर सुटला. तिनं आवाज चढवला नाही, पण चार वर्षांचं साठलेलं सगळं बोलून टाकलं. तुला हिस्सा हवा होता, तो मिळतोय. मामा एकटा हातानं भाकरी थापतो. रितेश बिचारा दर रविवारी फोन करून रडकुंडीला येतो. नातवंडांत बसायच्या वयात तू त्याला अडकवून ठेवलंय. कशासाठी?

रंभाबाईंनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग त्यांनी भलतंच विचारलं.

“तू पोरींना शिकवते त्या इंग्रजीत स्टे म्हणजे काय गं?”

प्रतिभा गोंधळली. शिकवायच्या सवयीनं ती सांगू लागली. थांबणं. मुक्काम करणं. कोर्टात म्हणतात तेव्हा मनाई. आणि खांबाला ताण देतात ना, पडू नये म्हणून, त्यालाही स्टेच म्हणतात.

“केळीला घड आल्यावर पट्टी बांधतो तसं?”

“तसंच.”

“मग मी बरोबरच मागितलं.” रंभाबाईंची नजर अजून समोरच होती. “मला काय करायचं वावर? घर विकलं तर आखाजीच्या सणाला मी माहेर म्हणून कुठं जाऊ?”

“चार वर्षं कुठं गेलीस तू आखाजीला?”

“जात नाही. पण दार तर आहे ना.”

 प्रतिभानं आईचा हात आपल्या हातात घेतला. तो थंड होता. थोड्या वेळानं रंभाबाईंनीच तो सोडवून घेतला आणि वकिलांना बोलवायला सांगितलं. पोरगी खरं बोलली होती. नातवंडांपासून त्याला तोडणारी आपण कोण, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. सागर वकील आले. हिस्साही नको, स्टे उठवा, भावाला सुखानं जाऊ द्या, असं रंभाबाईंनी सांगितलं. वकिलांनी दोनदा विचारून खात्री केली आणि अर्ज टाइप करून आणला.

रंभाबाईंनी पेन हातात घेतलं, तेव्हा मामा उठला. त्यानं टोपी डोक्यावर नीट बसवली, मधलं अंतर ओलांडलं आणि तो प्रतिभासमोर उभा राहिला. बहिणीकडे त्यानं पाहिलं नाही.

“तुझ्या आईला सांग, सही करायची काही घाई नाही.”

“पण मामा, तुम्हीच तर निरोप पाठवला.”

“रितेशनं पाठवला तो.” मामा जरा थांबला. “दर पेशीला माझा वकील तारीख मागतो ना, ती मीच मागायला लावतो. हे रितेशला बोलू नको.”

रंभाबाई बाकावर किंचित सरकल्या. मामा बसला. दोघंही समोरच्या रिकाम्या बाकाकडे पाहत राहिले.

पुकारा झाला तेव्हा अर्ज प्रतिभाच्या मांडीवर तसाच होता, बिनसहीचा. आत दोन्ही वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं, मुदत मागितली आणि पाच मिनिटांत सगळे बाहेर आले.

व्हरांड्यात मामानं पुढची तारीख विचारली. पाच महिन्यांनंतरची, सतरा तारीख, असं प्रतिभानं सांगितलं. त्यानं बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच तो बहिणीकडे वळून बोलला.

“लांबची दिली गं, रंभा.”